अकरा मिलिअँपिअर

सिलिकॉनला सगळं येतं.
मोजता येतं, लक्षात ठेवता येतं,
आलेल्या उजेडाला वळण लावता येतं.
उजेड देता तेवढा येत नाही.
तो उसना आणावा लागतो.

म्हणून कॉर्कमध्ये, ली नदीकाठच्या पिवळ्या खोलीत,
नखशिखांत पांढऱ्या कापडात गुंडाळलेली गॉबनिट
रबराच्या मऊ शिक्क्यानं
इंडियम फॉस्फाइडचा कण उचलते
(मिठाचा खडा त्यापुढे डोंगर)
आणि सिलिकॉनवर टेकवते.
एकोणीस वर्षं झाली, अजून श्वास रोखूनच.

मग भट्टी, सोन्याच्या तारा, आणि परीक्षा.
वीज सोडायची ती थेंबाथेंबानं.
सात. आठ. पडद्यावरची रेघ आडवी झोपलेली.
दहा.
उजेड तेव्हाही असतो आत, पण बाजारासारखा,
ज्याचा त्याचा, जिकडे तिकडे.
अकराला रेघ उठते
आणि सगळा उजेड एका पावलात चालू लागतो.
तिच्या आयरिशमध्येही या आकड्याला उंबरठाच म्हणतात,
घराला असतो तोच शब्द: टार्शाख.

चार लेसर, चार रंग,
केसाएवढ्या एकाच काचेतून जायचे,
सेकंदाला अब्जावधी उघडझापी करत,
कुणाचा निरोप, कुणाची थकबाकी घेऊन,
तिला कोण सांगतंय.
तिसरा तापला की सरकतो,
शेजाऱ्याच्या गल्लीत डोकावतो.
फीअक्रा म्हणतो, टाकून दे.
ती म्हणते, निवू दे.

रविवारी मॅक्रूमला, वडिलांकडे.
साखरेनं डोळे नेले त्याला तीन वर्षं झाली.
“रंग कसला असतो गं त्याचा?”
“आम्ही आपलं रंग म्हणतो. दिसत नाही कुणालाच.”
“तुलासुद्धा?”
“मला आकडा दिसतो.”
तो बोटांनी चाचपत बटाटा सोलत राहतो, बराच वेळ.
“म्हणजे तिथं मलाही नोकरी मिळाली असती.”

निघताना तो भिंत धरत पुढे येतो,
तिच्यासाठी दाराबाहेरच्या दिव्याचं बटण दाबतो.
“लागला?”
“नाही. बल्ब गेलाय.”
“कधीपासून?”

उंबरठ्यात उभं राहूनच ती फोनवर लिहिते: बल्ब, रविवार.
तीन शब्दसुद्धा नाहीत,
पण कुठल्याशा काचेतून डब्लिनला जाऊन येतात,
आणि ती अंधारात
गाडीची किल्ली शोधत राहते.