अकरा सेकंद

सोहारला, बंदराकडच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर
एसी इतका गार की शिकाऊ डॉक्टर मुलं
दिशदाशावर स्वेटर चढवून येतात.
माझं काम मोजे जुळवायचं.
बोटागणिक तारा, मनगटाला पट्टा,
डोळ्यांवर ती जड पेटी,
की समोर एक पोट उघडतं
कुणाचंच नसलेलं.

आत चालतो तो हात डॉक्टर बदरियांचा.
मार्चमधल्या एका मंगळवारी
सळया बांधणाऱ्या नेपाळी माणसाचं पित्ताशय त्यांनी काढलं,
आणि आम्ही तो हात टिपून घेतला :
दाब किती, कल किती, मनगट कुठे वळलं.
आता मुलं मोजे घालतात
आणि तो हात त्यांच्या हातावरून चालतो,
पाटीवर श्री गिरवून घ्यावा तसा.

सगळं नीट. फक्त चौथ्या मिनिटाला
कात्री नळीपाशी येते
आणि थांबते.
अकरा सेकंद.

मी म्हटलं, मॅडम, एवढं कापून टाकतो,
मुलांना वाटतं यंत्र अडकलं.
त्या कहवा पीत होत्या.
खजुराची बी बशीच्या कडेला लावत
इथल्या हिंदीत म्हणाल्या, 'रहने दो.'

रात्री पट्ट्याची नोंद उघडली.
त्या अकरा सेकंदांत बोटं जात्याच्या पाळीसारखी,
जराही थरथर नाही.
नाडी मात्र बहात्तरवरून एकशे एकोणीस.
ही नळी तोडायची तीच, की दुसरी,
जी तुटली तर माणूस पिवळा पडत जातो?
मला काय कळणार, मी सांगोल्याच्या वायरमनचा पोरगा.
पण कुणीतरी जुना पेशंट
नावागावासकट तिथे उभा होता,
एवढं आकड्यांतही दिसत होतं.
तो रकाना मी मुलांच्या पडद्यावरून काढून टाकला.
कुणाला विचारलं नाही.

मे महिन्यात खुलूदची पाळी आली.
तारा नसलेले साधे मोजे,
खरं पोट, एका मच्छीमार बाईचं.
मी आत नव्हतो, सिस्टर लिसम्मांनी सांगितलं :
नळीपाशी येऊन पोरगी थांबली.
काय झालं, विचारलं,
तर म्हणे, काही नाही,
इथे थांबायचं असतं.

किती वेळ, मी विचारलं.
घड्याळ कोण बघतंय, त्या म्हणाल्या.

डॉक्टर बदरिया तिच्या मागेच उभ्या होत्या,
हात पाठीशी बांधून.
त्यांच्या मनगटाला त्या दिवशी पट्टा नव्हता.