अक्षरी रुपये

भोसरीच्या कंपनीचं पत्र आलं तेव्हा
मी पावतीपुस्तकाला दोरा ओवत होते.
'खेदाने कळवितो' इथपर्यंतच वाचलं,
पुढचं पाठ आहे.
वर्षाचे सात लाख गेले.
म्हणजे खोलीचं भाडं गेलं, दोन रेकॉर्डर गेले,
आणि अंध मुलांसाठी वाचून ठेवायची
बारावीची अख्खी पुस्तकं.

नव्या पेठेत खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही.
जिन्यात पाटी:
'दुपारी एक ते चार बेल वाजवू नये.
देणगी द्यायची असली तरी.'
हिंगमिरे काकांनी ती त्या संध्याकाळी खिळ्यावरून काढली.
मागची बाजू कोरी होती.
तिच्यावर काय लिहायचं यासाठी मीटिंग बसली,
चहा अर्धा-अर्धा.

कुणी म्हणालं, गाण्याचा कार्यक्रम ठेवू;
हॉलचं भाडं ऐकून गप्प झालं.
काका म्हणाले, मुलांचे फोटो छापू, डोळे नीट दिसतील असे.
तेव्हा कोपऱ्यातून विभावरी म्हणाली,
"माझा छापाल हो.
खाली काय लिहिलंय ते मला कोण वाचून दाखवणार?"
विषय तिथंच मिटला.

मग मी जुनी वही काढली.
या माणसांना आम्ही फक्त मार्चात फोन करायचो,
ऐंशी-जीची आठवण द्यायला.
आता जून होता.
"मागायला नाही केला, कसे आहात?" म्हटलं
की पलीकडे शांतता.
पुण्यात यावर कुणी चटकन विश्वास ठेवत नाही.

रविवार पेठेतल्या खिंवसरांनी पितळेचा भाव सांगितला,
अडकलेली उधारी सांगितली, गुडघा सांगितला,
आणि ओशाळून विचारलं,
"पाच हजार नाही जमायचे ताई. महिन्याला शंभर चालतील?"
म्हटलं, धावतील.

हडपसरच्या एक बाई म्हणाल्या, रद्दी न्या.
वाघचौरेंच्या रिक्षातून सतरा किलो आली.
काकांनी विकण्याआधी
तिच्यातली शब्दकोडी सोडवली.

खराडीचा नौशाद आत्तार फोन उचलेना.
तिसऱ्या दिवशी उचलला.
नोकरी फेब्रुवारीतच गेलेली,
घरी अजून सांगितलेलं नाही.
लॅपटॉपची बॅग घेऊन रोज नऊला निघतो,
बंडगार्डनला नदीकाठी बसतो, म्हणाला.
मी बोलता बोलता पासबुक उलटलं.
मार्च, एप्रिल, मे.
हजार, हजार, हजार.
काय बोलावं सुचेना.
विचारलं, "डबा कुठं खातोस?"

दुसऱ्या दिवशी आला, बॅगेसकट, डब्यासकट.
विभावरीनं माइक त्याच्यापुढे सरकवला.
इतिहास, प्रकरण चौथं.
आवाज येतो म्हणून पंखा बंद.
पहिल्या पानावर तो तीनदा अडखळला,
"पोटफोड्या ष आहे तो, नीट म्हण," तिनं दटावलं,
बोटांनी ब्रेल चाचपत.
मग हळूहळू लागला आवाज.
खालचं झेरॉक्स मशीनसुद्धा
मधे मधे थांबून ऐकतंय असं मला वाटलं.
वीज गेली होती, इतकंच.

निघताना म्हणाला,
"आज उशीर का झाला असं घरी विचारलं
तर एक तरी वाक्य खरं सांगता येईल."
आणि सवयीनं पावतीसाठी थांबला.

नाव लिहिलं. पत्ता लिहिला.
रकमेचा चौकोन तसाच ठेवला.
'अक्षरी रुपये' यापुढे पेन जरा घुटमळलं,
मग लिहिलं:
एक तास चाळीस मिनिटं फक्त.

ऑडिटरला हे चालणार नाही.
दोन महिन्यांचं भाडं थकलंय,
सात लाखांतले जेमतेम अडतीस हजार आलेत,
त्यात रद्दीचे दोनशे चार.
पाटी मात्र परत लागली, कोऱ्या बाजूनं:
'बेल केव्हाही वाजवावी.
आत कुणी वाचत असल्यास
जिन्यातच बसावे. ऐकावे.'