कोरडी लेन

रात्री साडेदहाला लेनवर तेल उरत नाही.
दिवसभरची पोरं, वाढदिवस, भाड्याचे बूट
पुसून नेतात सगळं.

माझा चेंडू तेव्हा घाई करतो.
अर्ध्या वाटेतच पकडतो लाकूड,
डावीकडे वळतो, दमतो,
सात नंबरची पिन तेवढी पाडून येतो.

भूपाल मगदूम उद्यमनगरात बफिंगला आहे.
चेंडूवर नख फिरवून म्हणाला,
"पाचशेचा पेपर मारलाईस व्हय?
असला खरखरीत गडी तेलात बरा.
कोरड्यात त्याला धरायला लई जागा मिळती."

मांडीवर पोत्याचा तुकडा.
आधी हजारचा, मग दोन हजारचा, पाण्यातनं.
मग पांढरं पॉलिश, जुना लोकरी हातमोजा,
आणि बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.
चेंडूत ट्यूबलाइट उतरली, वाकडी.

काल शालनशी बोलताना
मीही दुसऱ्याच शब्दाला वळलो होतो.
तिचं म्हणणं अजून पुढं, लांब उभं होतं.

टाकला.
रोज वळायचा ती जागा आली;
नुसता सरकत गेला,
पार शेवटी, आठवल्यासारखा, आत वळला.

नऊ पडल्या. दहावी हललीसुद्धा नाही.
"ऱ्हाऊ दे," भूपाल हात पुसत म्हणाला,
"शिरोलीची शेवटची गाडी जाईल."