उतरता लिलाव

गालिसियाच्या टोकाला, मुशियाच्या बंदरात
मासळीचा लिलाव वरून खाली येतो.
चाळीस युरो, एकोणचाळीस, साडेअडतीस,
कुणी "माझं!" म्हणेपर्यंत.
एर्मिंदा तेवीस वर्षं आकडे उतरवतेय.
मी तिच्या डाव्या हाताला, काट्यापाशी,
बर्फाच्या पेटीवर बसतो.
तिचा आवाज मला वजनासारखा कळतो.

म्हणून आधी मला कळलं.
पहिल्या वीस पेट्या ठणठणीत.
साठाव्या पेटीला शब्द नाकातून यायला लागले,
ऐंशीव्या पेटीला सत्तावीस आणि सदतीस
एकाच पाण्यात भिजलेले.
घाऊकवाले एकमेकांना कोपर मारत:
बाईनं सकाळीच लावलीय.
ती थेंब घेत नाही. तिला एका माशाचे दोन दिसत होते,
एक पेटीत, एक पेटीच्या किंचित वर,
आणि कुठल्याचा भाव पुकारायचा
हे ती ठरवत होती.

दुपारी खानावळीत ऑक्टोपस मागवला.
अर्ध्या ताटलीत जबडा थांबला.
हनुवटीखाली हात धरून
तिनं घास तोंडातल्या तोंडात फिरवला,
मग रुमालात काढून घेतला, सभ्यपणे,
काटा लागल्यासारखा.
"दात," म्हणाली.
पण रात्रभर झोपली की सकाळी दात परत येत.

विंचरताना हात अर्ध्यावरच खाली.
फोटोत हसली की गुरगुरल्यासारखी दिसे.
गावच्या डॉक्टरांनी आधी वय सांगितलं, मग मन,
मग झोपेची गोळी दिली. ती घेऊन आणखी गळाली.

फेब्रुवारीत एका सकाळी डावी पापणी
लिलावघराच्या शटरसारखी उतरली ती उतरलीच.
माझ्या पेटीतला मूठभर बर्फ
तिनं डोळ्यावर धरला, उगाच, गार वाटावं म्हणून.
दोनेक मिनिटं.
हात काढला तर डोळा उघडा.
टक्क. ताज्या तारलीचा असतो तसा.

आ कोरुन्याच्या इस्पितळात मीच सांगितलं,
टोपी हातात धरून: बर्फानं उघडतो.
तरुण डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली.
हातमोज्यात बर्फ भरून आणला, तेच केलं.
मग म्हणाली, एका श्वासात आकडे मोजा. वर.
तेवीस वर्षं उतरणाऱ्या बाईला चढायचं होतं.
एकोणिसाला श्वास संपला.

मायस्थेनिया ग्रेव्हिस.
रक्त तपासलं, छातीतली एक ग्रंथी काढली.
डॉक्टरणीनं आमच्याच धंद्यातून समजावलं:
नस भाव पुकारते. स्नायूचे कान
शरीरानंच बुजवलेत, परके समजून.
गोळी कान उघडत नाही.
गोळी पुकारा हवेत
थोडा जास्त वेळ रेंगाळू देते, एवढंच.

आता गोळी दर चार तासांनी,
जेवणाच्या अर्धा तास आधी.
पहिल्या तीस पेट्या तिच्या,
बाकीच्या भाच्याच्या, जो फार घाई करतो.
पाकिटात, संताच्या चित्रामागे, एक कार्ड:
ह्या बाईला कोणती औषधं देऊ नयेत.
आणि ताप-खोकला आला तर वाट पाहायची नाही.
हे आम्ही दुसऱ्या हिवाळ्यात शिकलो,
साध्या सर्दीनंतर, ती अकराला थांबली तेव्हा.
अकरा, आणि पुढं ओठ नुसते हलले.
नऊ दिवस तिच्या वतीनं यंत्रानं श्वास घेतला.
त्यावर ती बोलत नाही. मी विचारत नाही.

रोज पहाटे, होड्या लागायच्या आधी,
ती काट्याला टेकून एका श्वासात मोजते.
मी खडूनं पेटीवर लिहितो.
सव्वीस. अठ्ठावीस. बावीस:
त्या दिवशी सगळ्या पेट्या भाच्याच्या,
ती स्टुलावर बसून त्याला शिव्या देते,
तेवढं त्राण असतं.

आज एकतिसाला पोचली तसा
मागून म्हातारा बाल्बिनो, अर्धवट झोपेत,
सवयीनं ओरडला, "माझं!"
ती हसली. ओठाचा उजवा कोपरा वर गेला,
डावा जागेवरच.
नवख्याला वाटलं असतं, चिडली.
मी एकतीस लिहिला.