चक्का

म्हापशाच्या डॉक्टरांनी रिपोर्टवर पेन आपटलं :
"मेयोनीज बंद."
तूप नाही, तळण नाही, नेमकं तेच नाव.
मथुरेनं आधीच फोन करून ठेवला असणार.

एकतीस वर्षं जहाजाच्या गॅलीत
मी ते बनवलं, बादल्यांच्या हिशेबानं.
बलक, मोहरी, व्हिनेगर,
आणि तेल. थेंब. थेंब. मग धार.
घाई केली की फुटतं.
बिस्केच्या उपसागरात जहाज एका कुशीवर आलेलं,
बशा फळीवरून उड्या मारत होत्या,
तेव्हा पातेलं पोटाशी धरून फेटलंय
आणि ते फुटलं नाही.
ही बढाई आहे. करू द्या.

आता शिवोलीत, सकाळचे साडेदहा,
ओट्यावर गेदर.
लहानपणी आमच्याकडे गेदर कुणी घेत नसे :
काळ्या मांसाचा, रक्ताळ, मांजराच्या वाटणीचा.
पुढे तो डब्यात शिरला, ट्यूना झाला,
लेट्यूसच्या पानावर ऐटीत बसला.
मी ताजाच उकडतो, मिरी आणि तेजपत्ता टाकून,
निवला की बोटांनी पदर सोडवतो.
कांदा बारीक. काकडी पिळून कोरडी.
इथवर सगळं पूर्वीसारखं.
मग हात थांबतो :
हे सगळं एकत्र धरणार कोण?

सोमवारी उकडलेला बटाटा कुस्करून घातला.
"कटलेट तळायचे राहिले वाटतं," मथुरा म्हणाली.
मंगळवारी छोले वाटले.
शेजारच्या इस्पेरांसबाईंकडे बशी पाठवली,
ती भरलेलीच परत आली,
वर दोन केळी, सांत्वनाला.
काजू छान जमले असते,
पण काजू डॉक्टरांच्या यादीत तिसरा.
पणजीहून भाच्यानं 'लाइट' लिहिलेली बाटली आणली :
गोड, चिकट, पोस्टाच्या डिंकासारखी.
ती अजून फ्रिजच्या दारात उभी आहे,
पाहुण्यासारखी, कुणी बोलत नाही तिच्याशी.

गुरुवारी रात्री मथुरेनं काही न सांगता
माझा जुना एप्रन फाडला,
त्यात दही बांधलं,
नळाला टांगलं.
रात्रभर थेंब. थेंब.
झोप लागेना. मला वाटलं नळच गळतोय.
उठून पाहिलं तर खाली वाटी,
वाटीत हिरवट पाणी,
आणि वरच्या गाठोड्यावर फिकट झालेलं
कंपनीचं नाव.

"तुम्ही घालून घालून दाट करता," सकाळी ती म्हणाली,
"मी काढून काढून."
एवढंच म्हणाली, आणि पाणी कढीपत्त्याला घातलं.
मी वर्षातले नऊ महिने नसायचो.
मनीऑर्डर यायची, कधी चॉकलेटं,
एकदा जेनोव्हाहून ट्रंककॉल,
तोही मध्येच तुटलेला.
विचारलं नाही कधी, मधले दिवस तू कसे भागवलेस.
आत्ताही विचारलं नाही.
चक्का फेटायला घेतला.

वाटलेली मोहरी, मिरपूड, माडाचं व्हिनेगर अर्धा चमचा.
मग परसातली बिमली, बारीक चिरून,
ती माझी कल्पना. लिंबू तिथे फार शहाणपणा करतं.
कालवलं. चाखलं.
मेयोनीज नाही. खोटं कशाला बोलू,
ते नाहीच.
जीभ शोधत राहते तो गुळगुळीत आळस,
आणि तिला मिळते आंबट, जागी चव,
तोंड धुतल्यासारखी.
पण गेदर गेदरसारखा लागतो.
इतकी वर्षं मी त्याला झाकत होतो की काय?

मथुरेनं पावात भरून खाल्लं, उभ्यानंच.
"तिकडचे लोक काय म्हणायचे, तुमच्या त्या ह्याला?"
"काही नाही. बादली रिकामी यायची."
तिनं दुसरा पाव घेतला.

फळीवर ऑलिव्ह तेलाची एक बाटली आहे,
शेवटच्या ट्रिपची. झाकण उघडलेलं नाही.
मी तिच्याकडे बघतोय हे तिनं पाठमोरीच ओळखलं.
"घाला," म्हणाली.
मग बोट वर करून :
"थेंब."