हाकेवाले बारा

मोहन नगरातल्या मेबल आंटींनी
कपाटावरून बासन खाली ओढलं,
तेव्हा आधी धूळ उतरली, मग डांबरगोळ्यांचा वास,
मग तो क्रॉसबो.
'विल्फ्रेडचा,' म्हणाल्या. 'बेल्जियमचा आहे. सहा हजार.'

काय बघायचं ते मी शिकून आलो होतो.
पात्यांवरून नख फिरवलं,
केसाएवढी चीर लागते का कुठे.
दोरी मधोमध पिंजलेली, पांढरे तंतू सुटलेले,
म्हाताऱ्याच्या कानातल्या केसांसारखे.
बाणाच्या खाचेत जुनं मेण
आणि मेणात रुतलेली एक मुंगी,
देव जाणे कोणत्या सालची.

चापावर बोट गेलं तशा आंटी ओरडल्या,
'रिकामा नको सोडू!
बाण नसला की सगळा जोर
उलटा धनुष्यात शिरतो.
विल्फ्रेड सांगायचा सगळ्यांना.
स्वतः मात्र रिटायर झाल्यावर रोज रात्री...'
पुढचं त्यांनी चहात ढवळलं.

'शिकार करणार?'
'कायदा आहे, आंटी.'
'कायदा बहात्तरचा. हा त्याच्याहून म्हातारा.'

सोबत एक वही फुकट.
रेल्वेची, निळ्या पुठ्ठ्याची, अक्षर सरळ रुळासारखं:
उमरेड. जानेवारी एकोणसत्तर.
डुक्कर, नर, दोन मण. बाण एक.
डचेसच्या पंजात काटा, काढला.
हाकेवाले बारा, डोई दीड रुपया.

कुत्रीचं नाव होतं.
मी पान उलटलं, परत उलटलं.
त्या बारांतला डावीकडून कितवा
ते वहीला ठाऊक नव्हतं,
पण त्यातला एक या क्षणी मानकापूरला
आमच्या पलंगावर कबड्डी बघत होता,
आवाज बंद करून.

आंटींना हे बोललो नाही.
भाव चढला असता किंवा उतरला असता,
मला दोन्ही नको होतं.
साडेचारवर तुटलं.

चादरीत गुंडाळून स्कूटीवर पायांपुढे उभा केला.
सदरला चर्चपाशी फुलवालीने
कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली:
चादरीतून तो थडग्यावरच्या क्रूसासारखा दिसत असणार.
लिबर्टीच्या चौकात हवालदार,
'काय हाय बे ह्यात?'
'सतार.'
'वाजवतं का?'
'शिकून राहिलो साहेब.'
सिग्नल सुटला.

बाबांनी तो मांडीवर घेतला,
आपलं लेकरू घेतात तसा नाही,
दुसऱ्याचं घेतात तसा.
दोरी हुंगली. चापाला हात लावला नाही.
'कितीले आनला?'
सांगितलं.
मग बराच वेळ बोटांची पेरं मोजत बसले,
ओठ हलत होते,
आईने भाकरी वाढली तरी हलत होते.
'दीड रुपयानं,' शेवटी म्हणाले,
'तीन हजार मानसं होतात.'

मला वाटलं हसतील. किंवा मला शिवी देतील,
मी दोन्हीची तयारी केली होती स्कूटीवर.
त्यांनी वही मागितली नाही,
मीही ती डिकीतून काढली नाही.

'याले आवाज नोहता,' म्हणाले,
'सायबाच्या हातात गुपचूप.
समदा आवाज आमचाच.'
आणि पाठ ताठ केली,
पंचावन्न वर्षांनी तोंड उघडलं.

आधी खोकल्यासारखं काही,
मग डबा बडवल्यासारखं,
मग ज्याला मला शब्द नाही ते.
गल्लीतली कुत्री उठली.
वरून वंजारी काकूंनी विचारलं, 'काय झालं जी?'
आईने ताटावर हात धरला.

आणि मी,
साडेचार हजारांचा मालक,
मला कळायच्या आधी
माझे पाय दाराकडे वळले होते.