निनावे

दिवसभर मी माणसं कापते.
म्हणजे त्यांचे फोटो. मानेपासून वर.
मागचा पडदा, बाजूचा साळा, खांद्यावरचा कुणाचा तरी हात
पुसून टाकते आणि उरलेलं तोंड गोलात बसवते.
गोळीबार चौकातलं फ्लेक्सचं दुकान,
दहा बाय आठ, चार तासांत.

रात्री खिडकीत कूलर घरघरतो.
बाबांचा माग मोडला तेव्हा चौकट कुणी घेतली नाही,
तीच आता त्याचं स्टँड.
ओल्या ताट्यांचा वास, आणि चादरीखाली माझा फोन.
अंगठा सरकतो.

कुठल्याशा बर्फाळ गावातल्या बाईने
एक खुर्ची केलीय, मांडी घालून बसलेली.
तिच्यावर बसता येत नाही, कारण ती स्वतःच बसलीय.
अजून एक जण. त्याचं घड्याळ पावणेपाचला बंद पडलंय.
तो ते दुरुस्त करत नाही,
ढकलगाडीवर घालून देशोदेशी नेतो,
जिथे पावणेपाच वाजत असतील तिथे
वेळेवर पोचायला. अजून एकदाही पोचला नाही.
मी तो व्हिडिओ सात वेळा पाहिला.

आई कूस बदलते.
काय पाहून राहिली वं एवढ्या रात्री?
खुर्ची, म्हटलं.
खुर्ची काय पाहाची चीज आहे?
मग थोड्या वेळाने, अंधारातच:
दाखव बरं.

मे महिन्यात देवरावभाऊंचा वाढदिवस आला.
शुभेच्छुक चाळीस.
मी एक्केचाळीस गोल केले.
का केले विचारू नका,
त्या घड्याळवाल्याला कोण विचारतं.
शेवटच्या गोलात काहीच नाही, नुसता पांढरा,
खाली सगळ्यांसारखंच नाव हवं म्हणून
मी माझं आडनाव टाकलं: निनावे.
आडनावच आहे ते.
वाचणाऱ्याला वाटलं, माहिती.

तीन दिवस कुणाचं लक्ष गेलं नाही.
पंचेचाळीस डिग्रीत कोण मान वर करतो?
चौथ्या दिवशी एक जण आला, हेल्मेटमध्ये पासपोर्ट फोटो घेऊन.
ते माझीच जागा होती न मॅडम?
संध्याकाळी दुसरा. मग भाऊंचा सख्खा भाचा, चिडून.
शनिवारपर्यंत सात झाले,
सातही जणांची खात्री की आपलंच तोंड गळलं.
धकाते मालकांनी हात जोडले, चहा पाजला,
माझ्या पगारातून तीनशे कापले.
कापायचं आम्हा दोघांनाही जमतं.

मग एक म्हातारी आली. तिच्याकडे फोटो नव्हता.
त्याचा कधी काढलाच नाही, म्हणाली.
कुणाचा, ते मी विचारलं नाही.
ती दुकानाच्या पायरीवर टेकली,
समोरच्या खांबावरच्या त्या पांढऱ्या गोलाकडे पाहत राहिली,
उठताना म्हणाली, तसाच राहू दे बाई.
पैसे किती झाले?

राहिला नाही. वाढदिवस सरला,
पोरांनी फ्लेक्स उतरवून नेला.

परवा इतवारीच्या तोंडाशी दिसला,
टरबुजाच्या ठेल्यावर ताणलेला, उलट्या अक्षरांनी.
भाऊ हसतायत आभाळाकडे तोंड करून.
ठेलेवाल्याला मधे बांबू खुपसायचा होता,
भोक कुठे पाडायचं?
देवमाणूस. चाळीस तोंडं वाचवून
त्याने बरोबर तोच गोल कापला.
बांबू बारीक निघाला, गोल मोठा,
उरलेल्या जागेतून ऊन खाली येतं.
आधी एका टरबुजावर होतं,
मग चिरलेल्या फोडींवर, लाल.
हे सरकत जाते, तो म्हणाला,
मीही फोडी सरकवत राहतो, माशा उन्हात बसत नाहीत.
मी अर्धा किलो घेतलं आणि उभी राहिले.
ऊन हळूहळू तराजूच्या पारड्यात आलं.
त्याने ते तसंच तोललं, पारडं हललं नाही.

फोनवर पाहिलं: चार पंचेचाळीस.
फोटो काढायचा होता. हात चिकट होते.